घरचा साबण आणि बजरंग कंपाउंडर

बजरंग कंपाउंडरच्या दंतमंजनाची तिसरी पुडी आमच्या घरात शिरली त्या दिवशी मी साबण करायचे ठरवले.

मंजनाचा आणि साबणाचा संबंध रसायनशास्त्रात फारसा नसेल, पण आमच्या संसारात आहे. मी उर्से गावचा पहिला बी.एस्सी. लोणावळ्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतो. बजरंगही उर्शाचाच. मराठी सातवी झाली आणि तो लढाईवर गेला, इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात तीन वर्षे लोकांच्या जखमा बांधल्या, आणि आता डॉक्टर वाकणकरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. गावचा माणूस लोणावळ्यात आला की चहा माझ्याकडे पितो, 'आमचा बीयेशी' म्हणून माझ्याकडे कौतुकाने बघतो, आणि दुखणे सांगायला बजरंगकडे जातो. दोन वर्षांत एकाही उर्सेकराने मला रसायनशास्त्रातला एकही प्रश्न विचारलेला नाही.

हेही मी सोसले असते. पण त्या दिवशी माझी बायको मुक्ता चुलीपाशी बसून म्हणाली, "बजरंगभाऊच्या मंजनानं माजी दाढ ठणकायची पार थांबली बघा."

"त्यात काय आहे? खडू, लवंग आणि कापूर. कोणीही करील."

"मग तुमी का न्हाई केलं?"

तिने हे टोमणा म्हणून विचारले नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. म्हणूनच ते मला जास्त लागले.

चार दिवसांनी मुक्ता भावाच्या लग्नासाठी टाकव्याला माहेरी गेली. पंधरा दिवस माझ्या हातात होते. ती परत येईल तेव्हा मोरीत माझ्या हातचा साबण असेल, असा बेत मी केला.

साबणाला दाहक सोडा, म्हणजे कॉस्टिक, लागतो. तो शाळेच्या प्रयोगशाळेत होता, पण हेडमास्तरांच्या मागणीपत्रावर 'कशासाठी' असा एक रकाना आहे. मी 'प्रात्यक्षिक' असे लिहिले. हेडमास्तरांनी 'कोणत्या इयत्तेचे?' असे लाल शाईने विचारून कागद परत पाठवला. मी 'सहावी' लिहिले. त्यांनी 'सहावीच्या अभ्यासक्रमात साबण नाही' असे लिहिले. शेवटी मी अकरा ओळींचे टिपण जोडले आणि त्यात साबणाचा राष्ट्राच्या आरोग्याशी असलेला संबंध दाखवून दिला. तेव्हा सोडा मिळाला. बजरंगला मंजनासाठी कोणाला टिपण लिहावे लागले नसणार.

माझे काम अंदाजाचे नव्हते. एक तोळा खोबरेलाला किती सोडा लागतो ते कोष्टकात दिलेले असते. मी तीन दशांश स्थळांपर्यंत हिशोब केला, शाळेच्या तराजूवर सोडा तोलला आणि बाजारातल्या तेल्याकडून दोन शेर खोबरेल आणले. औषधी वास यावा म्हणून थोडे कार्बोलिक घातले. साचा नव्हता, म्हणून एका चिक्कीवाल्याकडून पत्र्याचे ताट मागून आणले, मिश्रण त्यात ओतले आणि चिक्कीसारख्याच वड्या पाडल्या. शेजारच्या झुंबरमावशी काहीतरी मागायला म्हणून आल्या आणि त्यांनी एक वडी उचलून तोंडापर्यंत नेली.

"मावशी, तो साबण आहे."

"मग ताटात कशापायी ठेवलाय?" असे म्हणून त्यांनी वडी परत ठेवली, पण नाकाने जी टीका केली ती केलीच.

दुसऱ्या दिवसापासून मी तो साबण लावून आंघोळ करू लागलो. अंगाला किंचित चुणचुण होई. मी मनाशी म्हटले, जंतू मरताहेत.

चौथ्या दिवशी एक वेगळीच तक्रार सुरू झाली. शरीरशास्त्राच्या आमच्या पुस्तकातली जी पाने आधीच्या शिक्षकांनी टाचणीने एकमेकांना जोडून ठेवली आहेत, त्या पानांतली ती जागा. स्पष्टच सांगतो, कारण अस्पष्ट सांगून पुढचे काही समजणार नाही. शिश्नाच्या टोकाचा मणी आणि त्यावरची कातडी लाल होऊन सुजली. खाज सुटली, आग होऊ लागली, आणि धोतराचा नुसता स्पर्शही नकोसा झाला.

शास्त्राच्या पद्धतीने मी विचार केला. सूज म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे अस्वच्छता. उपाय उघड होता. मी तिथे दिवसातून चार वेळा साबण लावू लागलो. दोन दिवसांत आग दुप्पट झाली. तेव्हा मी सहा वेळा लावू लागलो.

पण आगीपेक्षा मोठी काळजी दुसरी होती. असल्या जागच्या दुखण्याला आमच्याकडे एकच अर्थ आहे. बायको माहेरी, नवरा एकटा, गाव लोणावळ्यासारखे हवेशीर, खंडाळ्यापर्यंत मुंबईकर शौकिनांचे बंगलेच बंगले, आणि नवऱ्याला हे दुखणे. मुक्ता शनिवारी येणार होती. तिने काय समजावे? आणि टाकव्याच्या माझ्या सासऱ्यांनी, ज्यांनी 'शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे' एवढ्यावर मुलगी दिली होती, त्यांनी?

डॉक्टरांना दाखवायला हवे हे कळत होते. पण वाकणकरांच्या दवाखान्याची रीत अशी, की आधी कंपाउंडरच्या खिडकीपाशी जायचे, तक्रार सांगायची, तो ती कागदावर लिहिणार, आणि मग तो कागद घेऊन बाकावर बसायचे. खिडकीत कोण, ते वाचकांच्या लक्षात आले असेल.

सोमवारी मी गेलो. माझ्या पुढे तिघे होते, मागे पाचजण, त्यांत माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे बाप. बजरंगने खिडकीतून विचारले, "या मास्तर. काय होतंय?"

मागचे पाचही जण ऐकण्यासाठी किंचित पुढे झुकले. आजारी माणसाला दुसऱ्याच्या आजारात किती रस असतो ते बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

"घसा," मी म्हणालो.

डॉक्टर त्या दिवशी एका बाळंतपणाला गेले होते. बजरंगने मला आत घेतले, तोंड उघडायला लावले, चमच्याने जीभ दाबली, आणि कापसाच्या बोळ्याने घशाला आयोडीन फासले. हात इतका हलका की मला ठसकाही लागला नाही. मला राग आला. निदान ठसका लागायला हवा होता.

"घसा तसा लाल न्हाई," तो म्हणाला.

"आतून आहे."

मी दाराबाहेर पडेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला. मी पूर्वीचे दुखणे जसेच्या तसे आणि त्यात आयोडीनची चव, असे दोन्ही घेऊन घरी आलो.

संध्याकाळपर्यंत माझा घसा गावभर झाला. झुंबरमावशींनी ज्येष्ठमध आणला. त्यांचे यजमान कोंडाजीभाऊ रेल्वेत स्टेशनच्या फाटकावर तिकिटे तपासतात, त्यांनी मला तासभर कातबोळ चघळायला लावला आणि समोर बसून देखरेख केली. चिक्कीवाल्याने आले घातलेला गूळ पाठवला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला न बोलता शिकवण्याची परवानगी दिली, आणि मी ओहमचा नियम सबंध तास हातवाऱ्यांनी शिकवला. मुले म्हणाली, आज पहिल्यांदा समजला.

"मास्तर," झुंबरमावशी बुधवारी म्हणाल्या, "घसा दुखतोय तर पाय फाकवून का चालताय?"

"थंडीने सांधे धरलेत."

"बजरंगला दावा. लय गुणाचा मानूस. माजा खांदा चार दिसांत मोकळा केला त्यानं."

पुन्हा बजरंग. त्या रात्री मी निश्चय केला, की ज्याने मराठी सातवीवर एवढे नाव मिळवले त्याच्या खिडकीपाशी पुन्हा जायचे नाही. प्रयोगशाळेतून परमँगनेटचे चार खडे आणले होते. त्याच्या सौम्य गुलाबी पाण्याने धुवावे, असे एका पुस्तकात होते. पण 'सौम्य गुलाबी' हे काही मोजमाप नव्हे. कंदिलाच्या उजेडात गुलाबी आणि जांभळा यांत फरक कळत नाही. सकाळी पाहतो तर ती जागा, माझी तीन बोटे आणि एक नवे धोतर तपकिरी झाले होते, आणि आग कालपेक्षा जास्त.

गुरुवार उजाडला. शनिवारी मुक्ता. मी रजेचा अर्ज दिला. त्यावर 'घशासाठी पुण्यास जाणार का?' असे हेडमास्तरांनी लाल शाईने विचारले, मी 'होय' लिहिले, आणि स्टेशनवर जाऊन वडगावचे तिकीट काढले. वडगावला गुरुवारी बाजार असतो, आणि बाजारच्या दिवशी तिथे एक डॉक्टर बसतात, असे मी ऐकले होते. तिथे मला ओळखणारे कोणी नव्हते. पिशवीत माझ्या साबणाची एक वडी घेतली, कारण परगावच्या साबणावर माझा विश्वास नव्हता. गाडीत जागा होती, पण मी वडगावपर्यंत उभाच राहिलो.

देवळाच्या मागच्या बाजूला एका ओसरीवर दवाखान्याची पाटी होती. बैलगाड्या सोडलेल्या, बायका भाज्या घेऊन बसलेल्या, ओसरीवर तीसेक माणसे. मी रांगेत उभा राहिलो. अनोळखी लोकांत उभे राहण्याचे सुख त्या अर्ध्या तासात मी पुरेपूर घेतले. तक्रार कशी सांगायची तेही ठरवून ठेवले. बेधडक, शास्त्रीय शब्दांत.

माझी पाळी आली. पेटी उपडी घालून तिच्यावर कागद ठेवून बजरंग बसला होता.

वाकणकर दर गुरुवारी वडगावला येतात, आणि आपल्या कंपाउंडरला बरोबर आणतात, ही गोष्ट लोणावळ्यात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती.

"घसा बरा हाय का?" त्याने विचारले.

त्याने कागदावर काही लिहिले, कागद उलटा केला, आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी सोमवारी आलात तवाच मी चाल बघितली. बसऱ्याला आमच्याकडं निम्मी पलटण अशीच चालत यायची. वाळू, घाम आन् पान्याची टंचाई. जावा पडद्याआड. हितं कुनाला काय कळनार न्हाई."

त्याने माझी लाज राखली होती, हे मला कळत होते. पण ज्याचा हेवा करायचा त्यानेच आपल्याशी चांगले वागावे, याइतकी गैरसोय दुसरी नाही.

डॉक्टरांनी पाहिले. मग प्रश्न विचारले. कधीपासून? लघवीला आग? तहान फार लागते का? रात्री लघवीला उठावे लागते? घरात कोणाला मधुमेह? आणि मग, त्याच आवाजात, "बाहेर कुठे जाणे असते का?"

माझा चेहरा त्या जागेइतकाच लाल झाला असावा. मी तोंड उघडण्याआधी पडद्याच्या पलीकडून बजरंग म्हणाला, "न्हाई साहेब. मास्तर वाचनालयाबिगर कुटं जात न्हाईत. त्यांच्या सात पिढ्या मला म्हाईत हायेत."

माझ्या चारित्र्याचा दाखला देणारा माणूस शेवटी हाच निघाला.

"विचारावे लागते," डॉक्टर म्हणाले. "आता साखर बघू."

तपासणी काय करतात ते मला ठाऊक होते. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. साखर असेल तर हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी रंग येतो. "मी स्वतः करू शकतो," मी म्हणालो. "विषय माझा आहे."

"बजरंग करील."

मी बघत राहिलो. नळीचे तोंड माणसांपासून दूर, नळी तिरपी, ज्योतीवर सारखी हलती. माझ्या वर्गात दोन वर्षांत एकाही मुलाला जे जमले नाही ते तो बाजाराकडे बघत सहज करत होता. द्रावण निळे ते निळेच राहिले. साखर नव्हती. इतके समाधान वाटले, आणि त्याच्या मनगटाचा इतका हेवा वाटला, की दोन्ही एकाच वेळी कसे वाटले ते मी अजून सांगू शकत नाही.

"काही नवीन लावता का तिथे?" डॉक्टरांनी विचारले. "साबण, तेल, मलम?"

"साबण. माझा स्वतःचा. शुद्ध." मी अभिमानाने वडी काढून दाखवली.

ती बजरंगने हातात घेतली, वास घेतला, आणि कोपऱ्याला जिभेचे टोक लावून लगेच थुंकला. "झोंबतोय. सोडा राहिलाय आत. कधी केला?"

"दहा-बारा दिवसांपूर्वी."

"आमी बसऱ्याला महिनाभर वाळत ठेवायचो. आन् तेल कंचं?"

"खोबरेल. दोन शेर. सोडा तीन दशांश स्थळांपर्यंत मोजून."

"बाजारातल्या तेल्याकडनं? त्यो खोबरेलात निम्मं भुईमुगाचं घालतोय. सगळ्या लोनावळ्याला ठावं हाय."

मी जागच्या जागी हिशोब केला. भुईमुगाच्या तेलाला सोडा बराच कमी लागतो. उरलेला सगळा दाहक सोडा वडीतच राहिला होता, आणि तो मी दिवसातून सहा वेळा शरीराच्या सर्वांत नाजूक कातडीला चोळत होतो. गणित अचूक होते. तेल तेवढे खोटे होते.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते म्हणाले, "या तक्रारीचे निम्मे लोक धूत नाहीत म्हणून येतात. तुम्ही धुता म्हणून आलात. आता ऐका. साबण बंद. जांभळे पाणी बंद. रोज एकदा, फार तर दोनदा, नुसत्या कोमट पाण्याने. कातडी हलक्या हाताने मागे घ्यायची, धुवायचे, मऊ फडक्याने टिपून कोरडे करायचे, आणि कातडी पुन्हा पुढे आणायची. ते विसरायचे नाही. मागे राहून अडकली तर तडक यायचे. कपडा सैल आणि सुती. बरे होईपर्यंत बायकोपासून दूर. आठ दिवसांत उतरले नाही, किंवा जखम झाली, लघवी अडली, तर पुन्हा दाखवा. बजरंग साधे मलम देईल."

बजरंगने मलमाची डबी दिली. तिच्यावर नाव लिहिले, पण तक्रार लिहिली नाही.

शनिवारी मुक्ता आली. स्टेशनच्या फाटकापाशीच तिला झुंबरमावशी भेटल्या, आणि घरात पाऊल टाकण्याआधी तिला सगळे कळले: माझा घसा, माझी चाल, गुरुवारी पुण्याचे सांगून वडगावचे तिकीट (ते कोंडाजीभाऊंनी पाहिले होते), आणि दोरीवरचे तपकिरी डागांचे धोतर. मी शाळेतून आलो तर गाठोडे उंबऱ्याशी तसेच होते आणि मुक्ता घरात नव्हती.

ती अर्ध्या तासाने आली. पाणी प्यायली नाही.

"दवाखान्यात गेलते," ती म्हणाली. "बजरंगभाऊला इचारलं, माज्या मालकाला काय झालंय. तर म्हनतोय, मास्तरास्नी इचारा, वैनी. दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं तर खिडकी लावून घेतली." तिचा आवाज खाली आला. "एवढं झाकायसारखं काय हाय? मी गाठोडं अजून सोडलं न्हाई. सांगा आन् मगच सोडते."

त्या क्षणी मला 'घसा' म्हणता आले असते. बजरंगने माझ्यासाठी ती वाट मोकळी ठेवली होती. पण गाठोडे उंबऱ्यावर होते, टाकव्याची वाट तिथून सुरू होत होती, आणि तिच्या ओठांचा रंग उतरला होता. मी तिला खाली बसवले आणि सुरुवातीपासून सांगितले. मंजनापासून. हेव्यापासून. मागणीपत्र, तीन दशांश, तेली, चार वेळा, सहा वेळा, घशाला आयोडीन, कंदिलातला जांभळा. दुखणे कुठे आहे ते सांगताना मी भिंतीकडे बघत होतो. साखर नाही हे सांगितले. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला आणि बजरंगने काय उत्तर दिले, तेही सांगितले.

"म्हंजे दुसरं काय न्हाई?"

"नाही. साबण."

"निस्ता साबण?"

"निम्मा साबण. निम्मा सोडा."

तिने पदर तोंडाशी धरला. मला वाटले, रडते आहे. बऱ्याच वेळाने खांदे हलायचे थांबले तेव्हा कळले की ती हसत होती. मग ती उठली, गाठोडे सोडले, त्यातून आपले एक जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे काढले आणि टर्रकन फाडले.

"हे टिपायला घ्या," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, फडक्यांच्या घड्या घालता घालता, "बजरंगभाऊ खरा मानूस. तीन येळा इचारलं, पर एक अक्षर फुटलं न्हाई त्याच्या तोंडातनं."

मी तिला सगळे सांगितले होते, लाज सोडून, एकही गोष्ट न गाळता. आणि कौतुक त्याचे, ज्याने काहीच सांगितले नाही. हा न्याय कुठला, असे मी विचारणार होतो, पण फडके खरोखरच मऊ होते.

आठ दिवसांत सूज उतरली. मुक्ताच्या सांगण्यावरून मी बजरंगला जेवायला बोलवायला गेलो. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा. तो पुड्या बांधत होता.

"येतो की," तो म्हणाला. "पर वैनीला काय म्हनून सांगितलंय? माज्या तोंडातनं उलटं जायला नको."

"सगळे सांगितले."

"सगळं म्हंजे?"

"सगळे. जागेसकट."

त्याचे हात थांबले. "आन् वैनी?"

"हसली. मग आपले लुगडे फाडून फडकी करून दिली."

बजरंगने हातातली पुडी खाली ठेवली. त्याची बायको उर्शातच शेती बघते, तो महिन्यातून एकदा घरी जातो, एवढे मला माहीत होते. लोणावळ्याची, उर्शाची आणि बसऱ्याची अर्धी दुखणी त्याच्या पोटात होती.

"बसऱ्यासनं आलो तवा मलाबी हेच झालंतं," तो म्हणाला. "वाळूनं. वीस वर्सं झाली. तिला अजून सांगितलं न्हाई मी. तवा पायाला लागलंय म्हनालो, आन् सा म्हैने भायेर सोप्यात निजलो. अजूनबी ती मधनंच इचारती, पाय कसा हाय." त्याने पुडी पुन्हा उचलली आणि खाली ठेवली. "तुमी भिंतीकडं बघून का होईना, पर सांगितलंत."

आणि त्याने माझ्याकडे पाहिले. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. दोन वर्षे मी तो रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत आलो होतो.

मी त्याला जेवणाची वेळ सांगितली, बायकोलाही उर्शाहून घेऊन ये म्हणून बजावले, आणि घरी निघालो. बाजारातून, सगळ्यांच्या देखत, ताठ चालत.